एका दिवसात दोन तटबंद गावं

दोस्तांनो, एखाद्या मुलखाचं नावच 'किल्ल्यांचा प्रदेश' असं असेल तर? स्पेन देशाच्या बरोबर मधोमध असा एक प्रदेश आहे. त्याचं नाव कास्तीया. इतिहासाच्या पुस्तकात तो तुम्हाला 'कॅस्टिल' म्हणून भेटला असेल. स्पॅनिश भाषेत किल्ल्याला म्हणतात 'कास्तीयो', त्यावरून हे नाव पडलं. स्पेनचं राजचिन्ह कधी पाहायला मिळालं तर नीट बघा. त्यात लाल रंगावर तीन बुरुजांचा एक सोनेरी किल्ला दिसेल. तो याच कास्तीयाचा.

आता इथे इतके किल्ले का, असं तुम्ही विचाराल. इसवी सन ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुसलमान फौजा समुद्र ओलांडून स्पेनमध्ये आल्या आणि बघता बघता जवळजवळ सगळा देश त्यांच्या हाती गेला. उत्तरेच्या डोंगरांत काही छोटी ख्रिस्ती राज्यं तेवढी उरली. मग पुढची काही शतकं सरहद्द कधी इकडे सरकायची, कधी तिकडे. मधला पट्टा ओसाड. १०८५ मध्ये कास्तीयाच्या राजाने तोलेदो शहर जिंकलं आणि हा मधला पट्टा पुन्हा वसवायचं ठरलं. पण सरहद्दीवरच्या उघड्या माळावर बायकापोरांना घेऊन राहायला येणार कोण? म्हणून आधी भिंत, मग गाव!

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या बहिणीची दोन मुलं माझ्याकडे माद्रिदला आली होती. भाची नववी पास होऊन दहावीत गेलेली आणि भाचा पाचवीतला. दोघंही पक्की वसईकर. वसईचा किल्ला त्यांच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटांच्या अंतरावर. त्यामुळे 'किल्ला दाखवते' म्हटल्यावर भाचेसाहेबांनी नाक मुरडलं. "आमच्याकडे आहे की!" मी म्हटलं, चला तर खरं. माद्रिदहून सकाळी निघून आव्हिला आणि सेगोव्हिया ही दोन गावं दाखवून संध्याकाळी परत आणणारी बस असते. सोबत गाइड असतात. आमच्या गाइडबाई चांगल्याच खमक्या होत्या. हातात पिवळी छत्री, पायात भक्कम बूट. पहिलीच सूचना अशी: "उशीर करणाऱ्यासाठी बस पाच मिनिटं थांबेल. सहावं मिनिट तुमचं तुम्ही बघा."

माद्रिदमधून बाहेर पडल्यावर समोर ग्वादारामा पर्वताची रांग येते. उन्हाळा तोंडावर आला तरी वरच्या शिखरांवर थोडा बर्फ शिल्लक होता. एक लांबलचक बोगदा या डोंगराच्या पोटातून जातो. बोगद्याच्या अलीकडे हिरवीगार झाडी, पलीकडे एकदम मोकळा माळ. मोठमोठे गोल धोंडे, मधूनच चरणाऱ्या गाई आणि वर भरपूर आभाळ. आपल्या देशावरच्या मंडळींना हा माळ अगदी ओळखीचा वाटेल.

गाइडबाईंनी बस थेट गावात नेली नाही. अदाखा नदीच्या पलीकडच्या एका टेकाडावर थांबवली आणि म्हणाल्या, "उतरा आणि आधी इथून बघा." या जागेचं नाव 'चार खांब'. खरंच तिथे दगडी चार खांब आहेत आणि मध्ये क्रूस. तिथून समोर बघितलं आणि आमचे भाचेसाहेब गप्पच झाले.

समोर पूर्ण आव्हिला गाव होतं आणि त्याच्या चारी बाजूंनी तट. तुटका नाही, अर्धवट नाही, चांगला सलग! अडीच किलोमीटरचा फेरा. त्यात सत्त्याऐंशी का अठ्ठ्याऐंशी बुरूज. (पुस्तकापुस्तकांत हा आकडा बदलतो.) गावात शिरायला नऊ दरवाजे. भिंतीची उंची सरासरी बारा मीटर, म्हणजे चार मजली इमारतीएवढी आणि जाडी तीन मीटर. कुणीतरी खेळण्यातला किल्ला उचलून माळावर ठेवलाय असं वाटत होतं. फरक एवढाच की हा खेळण्यातला किल्ला जवळजवळ नऊशे वर्षं तिथेच आहे.

या चार खांबांची एक गोष्ट आहे. १५१५ साली आव्हिलात एक मुलगी जन्मली. तेरेसा तिचं नाव. सात वर्षांची असताना ती आणि तिचा भाऊ घरातून चक्क पळून गेले. कशासाठी? तर परमुलखात जाऊन धर्मासाठी प्राण द्यायचे आणि थेट स्वर्गात जायचं! याच जागी त्यांच्या काकांनी त्यांना गाठलं आणि घरी आणलं, असं सांगतात. हीच मुलगी पुढे संत तेरेसा म्हणून जगप्रसिद्ध झाली. तिने मठांमध्ये मोठ्या सुधारणा केल्या, पुस्तकं लिहिली. आपल्या मदर तेरेसांनी नाव घेतलं ते मात्र हिच्यावरून नाही बरं का, फ्रान्समधल्या दुसऱ्या एका संत तेरेसावरून. आव्हिलात अंड्याच्या बलकाचे पिवळेधमक गोल लाडू मिळतात, त्यांनाही या तेरेसाचंच नाव आहे. चव म्हणाल तर गोड मिट्ट! भाच्याने तीन खाल्ले, मला एकच पुरला.

तटावर चढायला तिकीट आहे. सगळा तट फिरता येत नाही, पण जेवढा फिरता येतो तेवढ्याने पोटऱ्या भरून येतात. तटाच्या माथ्यावरून चालायची जी वाट असते तिला आपल्याकडे फांजी म्हणतात. भिंतीच्या कडेला दातांसारखे उभे दगड असतात त्या चर्या. आव्हिलाच्या तटाला अशा सुमारे अडीच हजार चर्या आहेत. दोन चर्यांच्या मधल्या फटीतून बाण मारायचा आणि पटकन आडोशाला व्हायचं.

आपला वसईचा किल्ला आणि हा तट यांत एक गमतीचा फरक आहे. तो भाचीच्या लक्षात आला. "मावशी, यांचे बुरूज गोल आहेत. आपले टोकदार आहेत, बाणाच्या पात्यासारखे." गाइडबाईंच्या कानावर हे इंग्रजीत घातलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "बरोबर! हा तट तोफा यायच्या आधीचा आहे." त्या काळी शत्रू शिड्या लावून चढणार किंवा लाकडी ओंडक्याने दरवाजा फोडणार. अशा वेळी उंच भिंत आणि जवळजवळ लावलेले बुरूज असले की झालं. एका बुरुजावरचा माणूस शेजारच्या बुरुजाच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूवर सहज नेम धरू शकतो. पण तोफ आली आणि सगळंच बदललं. उंच भिंत म्हणजे तोफेला आयतं निशाण! मग भिंती बुटक्या आणि जाडजूड झाल्या, बुरुजांना कोन आले. गोल बुरुजाच्या पुढ्यात थोडी जागा अशी राहते, की जिथे लपलेला माणूस दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना दिसत नाही. टोकदार बुरुजाला अशी लपायची जागाच राहत नाही. पोर्तुगिजांनी वसईचा तट बांधला तो या नव्या पद्धतीचा. पुढच्या वेळी वसईला गेलात तर एका बुरुजावर उभे राहून शेजारच्या बुरुजाकडे बघा, म्हणजे हे लगेच कळेल.

आव्हिलाचा तट बांधताना दगड कुठून आणले? अर्धे खाणीतून आणि बाकीचे हाताला लागतील तिथून! पूर्वेच्या बाजूला तटात मधेच पांढरट, घडीव, चौकोनी दगड दिसतात. ते रोमन लोकांच्या थडग्यांचे आहेत. रोमनांच्याही आधी इथे व्हेटोन नावाचे लोक राहत. ते दगडाचे मोठमोठे बैल आणि डुकरं कोरून ठेवत. त्यातलेही काही दगड भिंतीत चिणलेले सापडतात. पूर्वजांचं थडगं भिंतीत बसवताना गवंड्याला काय वाटलं असेल कोण जाणे. बहुतेक काहीच नसेल वाटलं. त्याला दिवसभराचं काम संपवायचं होतं.

याच पूर्वेच्या बाजूला तट सगळ्यात भक्कम आहे. कारण सोपं आहे. पश्चिमेला नदी, दक्षिणेला कडा, उत्तरेला उतार. पूर्वेला मात्र सपाट जमीन. शत्रू येणार तो इकडूनच. इथल्या दोन मुख्य दरवाजांना दोन्ही बाजूंनी उंच बुरूज आहेत आणि ते वर कमानीच्या पुलाने जोडलेले आहेत. खाली कुणी घुसला तर वरून दगडांचा पाऊस! आणि आणखी एक गंमत: गावचं मुख्य चर्चच तटात बांधलेलं आहे. म्हणजे चर्चचा गाभारा हाच तटाचा सगळ्यात जाड बुरूज. आत प्रार्थना, वरच्या माथ्यावर पहारेकरी.

हा तट नक्की कधी बांधला यावर अजून वाद आहे. १०९० साली काम सुरू झालं आणि नऊ वर्षांत संपलं, अशी जुनी समजूत. पण आता बरेच अभ्यासक म्हणतात की एवढं काम नऊ वर्षांत होणं शक्यच नाही, बाराव्या शतकातही ते चालूच होतं. मला हे पटतं. आमच्या सोसायटीची कुंपणाची भिंत दोन वर्षं चालली होती!

लढाया संपल्यावरही तटाचं काम संपलं नाही. दरवाजाशी जकात घ्यायला तट उपयोगी. साथीचा रोग आला की दरवाजे बंद करायला उपयोगी. आता बुरुजांवर करकोच्यांची घरटी आहेत. हे लांब पायांचे पांढरे पक्षी माणसांकडे ढुंकून बघत नाहीत. चोची आपटून खटखट आवाज करत बसतात. भाच्याने बुरूज मोजायला घेतले होते ते करकोच्यांपाशी येऊन राहिले आणि तेवढ्यात पिवळी छत्री हलायला लागली.

आव्हिला ते सेगोव्हिया साधारण पासष्ट किलोमीटर. वाटेत जेवणाची चर्चा झाली. सेगोव्हियाची खासियत म्हणजे भट्टीत भाजलेलं डुकराचं पिल्लू. ते इतकं मऊ असतं म्हणे, की सुरी न वापरता चिनीमातीच्या ताटलीच्या काठाने कापतात आणि नंतर ती ताटली जमिनीवर आपटून फोडतात! ताटली फुटताना बघायला आमच्या टेबलावरून माना वळल्या, पण आम्ही मागवलं बटाट्याचं जाड ऑम्लेट आणि पाव. ते जगात कुठेही चालतं.

सेगोव्हियात बसमधून उतरल्या उतरल्या समोर येतो तो रोमन जलसेतू, म्हणजे पाणी वाहून नेणारा पूल. फोटोत तुम्ही पाहिला असेल, पण खाली उभं राहिल्यावर मान किती वर करावी लागते ते फोटोत कळत नाही. सगळ्यात उंच जागी तो २८ मीटरहून जास्त उंच आहे. एकावर एक दोन मजली कमानी, सगळ्या मिळून दीडशेच्या वर. वीस हजारांहून जास्त ग्रॅनाइटचे दगड. आणि या दगडांच्या मध्ये काय आहे ठाऊक आहे? काहीही नाही! चुना नाही, सिमेंट नाही.

मग ते पडत कसे नाहीत? भाच्याचा हाच प्रश्न होता. कमानीतला प्रत्येक दगड वरून रुंद आणि खालून अरुंद असा पाचरीसारखा घडवलेला असतो. त्याला खाली पडायचं असतं, पण पडायला गेला की दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांत जास्तच घट्ट रुततो. सगळ्यात शेवटी मधला दगड बसवला की कमान स्वतःच्याच वजनाने स्वतःला धरून ठेवते. वजन जेवढं जास्त, तेवढी पकड जास्त. दगडांवर जवळून बघितलं तर लहान लहान खड्डे दिसतात. ते दगड वर उचलताना लोखंडी चिमटा अडकवायला पाडलेले. ते पाडणारे हात जाऊन एकोणीसशे वर्षं झाली, खड्डे आहेत तसेच आहेत.

पाणी यायचं डोंगरातल्या एका ओढ्यावरून, पंधरा किलोमीटरहून लांबून. पंप वगैरे काही नाही, फक्त उतार. वाटेत टाक्या होत्या. त्यात पाणी संथ व्हायचं, वाळू खाली बसायची आणि स्वच्छ पाणी पुढे. ११ व्या शतकातल्या लढायांत काही कमानी पडल्या, त्यांतल्या ३६ कमानी १५ व्या शतकात पुन्हा उभ्या केल्या. जुन्या कुठल्या आणि नव्या कुठल्या हे ओळखायचा प्रयत्न करून बघा म्हणतात गाइडबाई. १९९२ पर्यंत याच्या खालून मोटारी जात. धुराने आणि हादऱ्यांनी दगड खराब व्हायला लागले तेव्हा रस्ता बंद केला.

लोकांना मात्र ही इंजिनियरिंगची गोष्ट पुरी पडत नाही. त्यांची गोष्ट अशी: पाण्याच्या खेपा घालून कंटाळलेल्या एका पोरीने सैतानाशी सौदा केला. कोंबडा आरवायच्या आत पाणी दारात आण, माझा आत्मा तुझा. सैतान रात्रभर दगड रचत बसला. पोरीला पश्चात्ताप झाला, ती प्रार्थना करत राहिली. शेवटचा एकच दगड बसवायचा राहिला आणि सूर्याचा किरण आला! अलीकडे या सैतानाचा एक पुतळा गावात बसवायचं ठरलं. हसरा सैतान, हातात मोबाइल आणि स्वतःचाच फोटो काढतोय. बरेच गावकरी चिडले. सैतानाला इतका गोड चेहरा कशाला, म्हणाले. प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी पुतळा बसला, आणि आता सगळे पाहुणे त्याच्याबरोबर आपलाही फोटो काढतात.

गावातून वर चढत गेलं की चर्च लागतं आणि चर्चपासून किल्ल्याकडे जाताना डाव्या हाताला उतारावर अरुंद गल्ल्या आहेत. घोळक्यातले बरेच जण किल्ल्याच्या ओढीने पुढे निघाले होते. गाइडबाई तिथेच थांबल्या आणि म्हणाल्या, "ही ज्यूंची वस्ती. म्हणजे, होती."

सेगोव्हियात ख्रिस्ती, मुसलमान आणि ज्यू असे तिन्ही धर्मांचे लोक शेकडो वर्षं राहत होते. भांडणं होत, पण व्यवहारही चालत. कुणी वैद्य, कुणी विणकर, कुणी सोनार, कुणी राजाचा कर गोळा करणारा. १४७४ मध्ये इसाबेला राणी याच सेगोव्हियात कास्तीयाच्या गादीवर बसली. कोलंबसाला जहाजं देणारी हीच ती राणी. कोलंबस निघाला १४९२ साली, हे तुम्हाला पाठ असेल. त्याच वर्षी ३१ मार्चला इसाबेला आणि तिचा नवरा फर्डिनांड यांनी एक हुकूम काढला. राज्यातल्या सगळ्या ज्यूंनी चार महिन्यांत ख्रिस्ती व्हावं किंवा देश सोडावा. सोनं-चांदी बरोबर न्यायला बंदी. सेगोव्हियाचा अब्राहम सेनिओर हा दरबारातला मोठा ज्यू अधिकारी. म्हाताऱ्या वयात त्याने धर्म बदलला. हजारो लोकांनी तसं केलं नाही. ते घरं मिळेल त्या किमतीला विकून चालते झाले.

गल्लीच्या टोकाला तटातला एक दरवाजा आहे. तिथून समोर दरीपलीकडे पाइनच्या झाडांची टेकडी दिसते. त्या टेकडीवर ज्यूंची दफनभूमी आहे, खडकात कोरलेली थडगी. गावातलं त्यांचं मोठं प्रार्थनामंदिर आता चर्च आहे.

भाची बराच वेळ त्या दरवाज्याशी उभी होती. मग तिने मला विचारलं, "मावशी, ते लोक तटाच्या आतलेच होते ना?"

"हो."

"मग हल्ला आला असता तर तेही तटावर चढले असते."

गाइडबाईंना मी तिचं म्हणणं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चढले असते. तटासाठी करही भरला असता." आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. ज्या संत तेरेसाची गोष्ट सकाळी ऐकली, तिचे आजोबा ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेले होते. तोलेदोला त्यांना धर्मन्यायालयाने चारचौघांत शिक्षा दिली होती, म्हणून ते कुटुंब आव्हिलात येऊन राहिलं. हे धर्मन्यायालय म्हणजे इन्क्विझिशन. धर्म बदललेली माणसं मनातून बदलली आहेत की नाही, हे ते तपासत असे.

इथे मलाही एक गोष्ट सांगायची होती, ती मी सांगून टाकली. १४९२ मध्ये स्पेन सोडून शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेलेल्या हजारो लोकांत एक जोडपं होतं. तिथेही त्यांना ख्रिस्ती व्हावंच लागलं. त्यांचा मुलगा गार्सिया द ऑर्ता मोठा वैद्य झाला आणि १५३४ मध्ये जहाजाने गोव्यात आला. त्याने आपल्याकडच्या वैद्य-हकिमांना विचारून, बाजारात हिंडून इथल्या औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. आणि मुंबई बेट पोर्तुगिजांनी भाडेपट्ट्याने कुणाला दिलं होतं? याच ऑर्ताला! पण इन्क्विझिशन त्याच्या पाठोपाठ गोव्यात आलंच. १५६८ मध्ये तो वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला लपून ज्यू धर्म पाळल्याबद्दल जाळण्यात आलं आणि १५८० मध्ये खुद्द त्याची हाडं उकरून जाळली. गाइडबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी ऑर्ताचं नाव माझ्याकडून वहीत लिहून घेतलं. भाचीने विचारलं, "आणि आपल्या कोकणातले ज्यू?" अलिबागकडचे बेने इस्रायल तिला ठाऊक होते, तिच्या वर्गातल्या एका मुलीची आजी त्यांच्यातली. शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवले, मराठी बोलले, कुणी त्यांना हाकललं नाही, असं मी सांगितलं. ते बरंच झालं, असं ती म्हणाली आणि निघाली.

स्पेनने तो १४९२ चा हुकूम अधिकृतपणे रद्द केला १९६८ मध्ये. २०१५ मध्ये कायदा करून त्या लोकांच्या वंशजांना स्पेनचं नागरिकत्व मागायची संधी दिली. ती २०१९ पर्यंत होती. पाचशे वर्षांनंतर! उशीर झाला खरा.

आता किल्ला. सेगोव्हियाच्या किल्ल्याचं नाव अल्काझार. अरबी 'अल्‌-कस्र' म्हणजे किल्ला किंवा वाडा. एरेस्मा आणि क्लामोरेस या दोन नद्या मिळतात तिथे एक उंच अरुंद सुळका आहे आणि त्यावर हा किल्ला. लांबून बघितलं तर जहाज पाण्यात चाललंय असं वाटतं. निमुळत्या बाजूचा बुरूज जहाजाच्या नाळेसारखा पुढे आलेला. आपल्याकडे माची असते ना, अगदी तसंच. बुरुजांवर टोकदार काळ्या टोप्या आहेत. त्या काळ्या पाटीच्या दगडाच्या. फिलिप दुसरा या राजाने सोळाव्या शतकात बसवल्या.

आत एका दालनात स्पेनच्या राजा-राण्यांच्या ५२ मूर्ती भिंतीच्या वरच्या भागात ओळीने बसवलेल्या आहेत. एका दालनाचं छत उलट्या केलेल्या जहाजासारखं आहे. एका खिडकीपाशी मात्र सगळे हळू बोलतात. १३६६ साली लहानगा राजपुत्र पेद्रो दाईच्या हातून इथून खाली पडला आणि तिनेही मागोमाग उडी टाकली, असं सांगतात. भाच्याला हिरकणी आठवली. ती कडा उतरली आणि बाळापाशी पोचली. इथली दाई पोचली नाही.

तुम्ही बघाल ते सगळं जुनं नाही, हेही सांगायला हवं. १८६२ च्या मार्चमध्ये किल्ल्याला मोठी आग लागली. छतं, लाकूड, सगळं जळलं. आज दिसतं ते बरंचसं नंतर जुन्या चित्रांवरून पुन्हा केलेलं. आग लागली तेव्हा इथे राजवाडा नव्हता, तोफखान्याच्या अधिकाऱ्यांची शाळा होती. १७६४ मध्ये सुरू झालेली. तोफेची दारू बनवायची तर रसायनशास्त्र हवं, म्हणून किल्ल्याशेजारीच प्रयोगशाळा काढली आणि फ्रान्सहून एक शिक्षक बोलावला. त्याचं नाव प्रूस्त.

"प्रूस्त? स्थिर प्रमाणाचा नियमवाला?" भाची ओरडलीच. होय, तोच! नववीच्या विज्ञानात घोकलेला. संयुगात मूलद्रव्यांचं वस्तुमानाचं प्रमाण कायम असतं, हे सांगणारा. त्या प्रयोगशाळेची इमारत अजून उभी आहे. भाचीने किल्ल्यापेक्षा तिचेच फोटो जास्त काढले.

१५२ पायऱ्या चढून उंच मनोऱ्यावर गेलो. पायऱ्या गोल गोल, एका माणसापुरत्या. वरून गाव, चर्च आणि पलीकडे ग्वादारामाचा डोंगर. खाली चर्चकडे बोट दाखवून गाइडबाईंनी शेवटची गोष्ट सांगितली. जुनं मोठं चर्च पूर्वी किल्ल्याच्या अगदी समोर होतं. १५२० च्या बंडात बंडखोर चर्चमध्ये आणि राजाची माणसं किल्ल्यात. मधल्या माऱ्यात चर्चचे हाल झाले. म्हणून १५२५ मध्ये नवीन चर्च बांधायला घेतलं ते गावाच्या मध्यावर, किल्ल्यापासून चांगलं लांब!

बसमध्ये गाइडबाई आमच्या पुढच्या बाकावर बसल्या. मुलं कुठली, विचारलं. भाचीने मग त्यांना वसई सांगायला घेतली. काळ्या टोप्यांवाला फिलिप दुसरा १५८० मध्ये पोर्तुगालचाही राजा झाला. १६४० पर्यंत दोन्ही देशांचा राजा एकच. म्हणजे ही साठ वर्षं वसईचा किल्ला, गोवा, चौल सगळं स्पेनच्या राजाचं! आणि वसईचा किल्ला हाही आव्हिलासारखं तटबंद गावच. आत रस्ते, चर्च, दवाखाना, वाडे. एक दरवाजा जमिनीकडे, एक समुद्राकडे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला.

"आणि चर्च?" बाईंनी विचारलं.

"पडकी आहेत. भिंती आहेत. पण घंटा आहेत!" भाचा मध्येच म्हणाला. मराठ्यांनी वसईच्या घंटा उतरवून देवळांना दिल्या. एक भीमाशंकरला आहे. एक वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर. तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. भाच्याची सहल गेली होती तिथे.

"मेरी? देवळात?" बाईंनी वही काढली. "आणि ती अजून वाजते?"

"वाजते की," भाचा म्हणाला, "पण मला उचलून घ्यावं लागतं."